गोव्यातल्या साखळी गावच्या कौलारू घराचा विमा कंपनीने रिन्यू केला नाही तेव्हा काय काय केलं

मावशीचा फोन आला तो 12 मे 2025 ला, भर दुपारी. "अरे, विम्याची लिंक उघडतच नाही, एजंटाला विचारलं तर म्हणतो ह्या वर्षी कंपनी देणार नाही, कितें करप आता?" घराची पॉलिसी 4 जूनच्या मध्यरात्री संपत होती. म्हणजे हातात 23 दिवस, आणि नेमका पाऊस सुरू व्हायचा मोसम. मी पूर्वी काही वर्षं एका सर्व्हेयरच्या, म्हणजे क्लेम आला की नुकसान तपासणाऱ्याच्या, ऑफिसात काम केलंय, क्लेमच्या फाइली बऱ्याच हाताळल्यात, म्हणून घरचे असल्या गोष्टी माझ्याकडेच पाठवतात. त्या 23 दिवसांत जे जे झालं ते सगळं इथे लिहून ठेवतो, चुकांसकट, कारण ही वेळ गोव्यात कितीतरी जुन्या घरांवर येऊ शकते आणि लोक एजंटाच्या एका "नाही"वर गप्प बसतात.

आधी घर कसं आहे ते सांगतो, पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. साखळीला वाळवंटी नदीपासून दोनेकशे पावलांवर, काकांच्या आजोबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, लाकडी वासे, मागच्या बाजूला पत्र्याची पडवी, परसात मोठा फणस. रस्त्याकडची एक खोली काकांनी शिवणकामाच्या दुकानासाठी भाड्याने दिली होती, ते दुकान 2023 ला बंद झालं, खोली आता रिकामीच आहे. मावशी आणि काका दोघंच राहतात, मुलगा बेंगळुरूला.

क्लेम दोन झालेले. पहिला 23 जुलै 2021 चा. त्या दिवशी डिचोली आणि सत्तरीत काय झालं ते इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको, मुख्यमंत्र्यांनी तेव्हा 1982 नंतरचा सगळ्यात मोठा पूर म्हटलं होतं. वरून पाऊस, त्यात नदी फुगलेली, मावशीच्या घरात गुडघाभर पाणी. फ्रिज, गाद्या, कपाटं, भिंतींचा गिलावा, सगळं धरून 1 लाख 85 हजार मिळाले. दुसरा क्लेम जुलै 2024 चा, फणसाची जाडजूड फांदी वाऱ्यात मोडून मागच्या छपरावर पडली. मागितले होते 96 हजार, मिळाले 61 हजार, कारण तिथले वासे आधीच वाळवीने खाल्लेले होते आणि वाळवी, कूज, जुनी गळती हे विम्यात बसत नाही. तो निर्णय मला तेव्हाही बरोबरच वाटला होता.

बरं, आता मुद्दा. कंपनी असं करू शकते का? हो, करू शकते. आरोग्य विम्यात कंपनीला रिन्यूअल सहजासहजी नाकारता येत नाही, म्हणून लोकांना वाटतं घराचंही तसंच असणार, पण तसं नाहीये. घराचा विमा म्हणजे ठरावीक मुदतीचा करार, मुदत संपली की करार संपला, पुढचा दोघांच्या संमतीने. मुदत चालू असताना मधेच रद्द करायला मात्र कंपनीला फसवणूक सिद्ध झाल्यासारखं कारण लागतं. हा फरक काकांना समजावून सांगितला तेव्हा त्यांचा राग थोडा शांत झाला, आणि मला ते गरजेचं होतं, कारण रागाच्या भरात ते थेट ग्राहक कोर्टात जायचं म्हणत होते आणि कोर्टाची पहिली तारीख येईपर्यंत अर्धा पावसाळा सरला असता.

त्याच संध्याकाळी मी काकांच्या नावाने ब्रांचला आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एकच ईमेल पाठवला. त्यात भांडण काही नव्हतं, फक्त तीन मागण्या: रिन्यू न करण्याचं कारण लेखी द्या, आमच्या प्रपोजल फॉर्मची (विमा घेताना भरलेल्या अर्जाची) कॉपी द्या, आणि तुमच्या रेकॉर्डमध्ये आमच्या घराचं जे वर्णन आहे ते द्या. तिसरी मागणी फार कुणी करत नाही. मी केली ती सवयीने, कारण सर्व्हेयरकडे असताना बघितलंय की कागदावरचं घर आणि जागेवरचं घर ही कधीकधी दोन वेगळीच घरं असतात.

16 मेला उत्तर आलं. कारणं तीन. चार वर्षांत दोन क्लेम. घरात अंशतः व्यापारी वापर. आणि बांधकाम "कच्चं".

कच्चं! चिऱ्याच्या दीड फुटी भिंतींचं, तीन पिढ्या उभं असलेलं घर कच्चं. मावशीला तर ते वाचून रडूच आलं, तिला तो घराचा अपमान वाटला, आणि मला तिचं पूर्ण पटलं. पण विम्याच्या भाषेत कच्चं म्हणजे काय ते बघायला हवं, तिथे तो शब्द मोघम नाहीये. भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्यांचं, झावळ्यांचं, गवताचं, बांबूचं, प्लॅस्टिकचं, कॅनव्हासचं, ताडपत्रीचं असेल तर ते कच्चं. चिरा आणि मंगळुरी कौलं त्यात कुठेच येत नाहीत, खाली वासे लाकडाचे असले म्हणून घर कच्चं होत नाही. मग हे आलं कुठून? प्रपोजल फॉर्मवर तर एजंटाने बरोबर लिहिलेलं, "पक्कं, कौलारू".

बरंच डोकं खाजवल्यावर सापडलं. 2024 ला फांदी पडली तेव्हा पाऊस थांबत नव्हता, म्हणून काकांनी तुटलेल्या भागावर निळी ताडपत्री टाकली होती, कुणीही टाकेल, टाकायलाच पाहिजे, नुकसान वाढू नये म्हणून काळजी घेणं हे विमाधारकाचं कामच आहे. सर्व्हेयर आला, फोटो काढले, आणि सगळ्या फोटोंत छपरावर निळी ताडपत्री. क्लेम पास झाला पण फाइलमध्ये कुणीतरी छपराचा प्रकार "ताडपत्री" असा भरला. कौलं नवी बसून दहा महिने झाले होते आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर मावशी अजून ताडपत्रीखालीच राहत होती. दुकानाचंही तसंच, 2023 ला बंद झालेलं दुकान कंपनीला कळवायचं कुणाला सुचलंच नाही, तिथे काकांची चूक होती आणि त्यांनी ती मान्य केली.

17 मेला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. सोबत चारी बाजूंचे आणि आतून छपराचे ताजे फोटो, कौलं आणि वासे बदलल्याची बिलं, दुकानदाराने खोली सोडली त्याचा कागद, घरपट्टीची पावती, आणि डिचोलीतल्या एका सिव्हिल इंजिनियरचं सर्टिफिकेट की भिंती चिऱ्याच्या आणि छप्पर कौलारू आहे. आणि इथे मी चूक केली. मला वाटलं एवढं स्वच्छ दाखवल्यावर कंपनी नक्की ऐकेल, म्हणून उत्तराची वाट बघत बसलो. नऊ दिवस. 26 मेला उत्तर आलं की वर्गवारी दुरुस्त केली आहे पण क्लेमचा इतिहास आणि नदीची जवळीक बघता रिन्यूअल देता येत नाही. ते नऊ दिवस फुकट गेले. जुन्या कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवायचा आणि त्याच दिवसापासून दुसरीकडे अर्जही करायचा, दोन्ही एकदम, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

त्यात त्या वर्षी पाऊस थांबला नाही. मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत, म्हणजे आपल्याकडे मे संपायच्या आधीच धो धो. वाळवंटी चढायला लागली, मावशी रात्री उठून दारात बॅटरी मारून पाणी बघायची, वर अंजुणे धरणातून पाणी सोडलं की वाळवंटी वाढते हे इथल्या लहान पोरालाही माहीत. मी तिला एवढंच सांगू शकत होतो की 4 जूनपर्यंत जुनी पॉलिसी पूर्ण चालू आहे, कंपनीने रिन्यूअल नाकारलं म्हणून आजचं संरक्षण जात नाही. फोनवर तिला हे तीनदा सांगावं लागलं.

वर्गवारी दुरुस्त झाल्याचा उपयोग मात्र झाला. जुन्या कंपनीचंच लेखी उत्तर हातात होतं की घर पक्कं आहे, ते पुढच्या अर्जाला जोडलं.

नवीन विमा शोधताना

आधी ऑनलाइन बघितलं. दोन ठिकाणी फॉर्म भरला, "गेल्या काही वर्षांत पुराचा क्लेम?" ह्याला हो म्हटलं की पुढचं पान उघडेचना. तेव्हा ओळखीच्या एका एजंटाने काकांना सांगितलं, क्लेमचं लिहूच नका हो, कोण बघतंय. काका क्षणभर डगमगले, मला दिसलं ते. वय झालंय, पाऊस डोक्यावर, आणि सोपा रस्ता समोर. मी त्यांना म्हटलं काका, विमा हा विश्वासाचा करार असतो, तुम्ही महत्त्वाची गोष्ट लपवली तर ती कंपनीला आज दिसणार नाही, पण ज्या दिवशी घर पडेल त्या दिवशी सर्व्हेयर पहिली तीच काढेल आणि क्लेम शून्य. प्रीमियम भरत राहायचा आणि विमा नसायचाच, ह्यापेक्षा विमा नसलेला परवडला, निदान माणूस सावध तरी राहतो. मी अशा फाइली बघितल्यात आणि त्या घरातल्या माणसांचे चेहरेही बघितलेत. काकांनी क्लेम दोन्ही लिहिले, आधीच्या कंपनीने नाकारलं तेही लिहिलं.

इथे भारत गृह रक्षा ह्या पॉलिसीबद्दल सांगायला हवं, कारण शोधायचं काय हेच लोकांना माहीत नसतं. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने ही एक प्रमाणित घर पॉलिसी आणली, आग आणि तत्सम धोक्यांचा विमा करणाऱ्या प्रत्येक जनरल कंपनीने ती ठेवलीच पाहिजे. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणं, झाड किंवा गाडी घरावर आदळणं, पाण्याची टाकी-पाइप फुटणं, दंगल, हे सगळं त्यात येतं, कंपाउंडची भिंतही येते, घर राहण्यालायक नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचीही सोय आहे. कंपनीने ही पॉलिसी ठेवणं सक्तीचं म्हणजे तुमचं घर घेणंही सक्तीचं असं मात्र नाही. पण निदान आठ कंपन्यांची आठ वेगळी कलमं वाचत बसायला नको, मूळ मजकूर सगळीकडे एकच.

मग काका आणि मी एका सरकारी विमा कंपनीच्या ब्रांचमध्ये प्रत्यक्ष गेलो. हे मला जुन्या नदीकाठच्या घरांसाठी वेबसाइटपेक्षा कितीतरी बरं वाटतं, कारण वेबसाइट फक्त हो-नाही विचारते, ब्रांचमधला माणूस फोटो बघतो, प्रश्न विचारतो, यायचं ठरवतो. लायसन्सवाला ब्रोकरही चालला असता, एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर ग्राहकाच्या वतीने वेगवेगळ्या कंपन्यांकडे जातो, हा फरक लक्षात ठेवावा.

ब्रांचमध्ये पहिला प्रश्न, रक्कम किती? जुनी पॉलिसी होती 60 लाखांची. का 60? कारण एजंटाने काकांना विचारलं घर विकलं तर किती येतील, काकांनी सांगितलं 60-70 येतील, झालं. अख्ख्या गोव्यात हीच गल्लत होते, जमिनीचे भाव एवढे चढलेत की घराची किंमत म्हणजे जागेची किंमत असं डोक्यात बसलंय. पण पुरात जमीन वाहून जात नाही, विमा बांधकामाचा असतो, पुन्हा बांधायला जो खर्च येईल तो. भारत गृह रक्षामध्ये हिशोब सरळ आहे: कार्पेट एरिया (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) गुणिले बांधकामाचा दर. मावशीच्या घराचा कार्पेट एरिया 105 चौरस मीटर, इंजिनियरने ह्या बांधकामाला दर काढून दिला चौरस मीटरला 24 हजार, म्हणजे 25 लाख 20 हजार. घराचा विमा घेतला की आतल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, यादी न देता आपोआप संरक्षण मिळतं, इथे ते झालं 5 लाख 4 हजार. मावशीच्या पाटल्या आणि मोहनमाळ त्यात धरलेली नाही, दागिने हवे असतील तर वेगळी यादी आणि किंमत ठरवून द्यावी लागते, तिने ते बँकेच्या लॉकरात ठेवायचं ठरवलं.

60 वरून 25 ऐकून काका बिथरले, म्हणाले आपलं नुकसान होतंय. नुकसान काही नव्हतं, इतकी वर्षं ते न मिळणाऱ्या 35 लाखांचा प्रीमियम भरत होते. आणि एक, जुन्या आगीच्या पॉलिसींमध्ये रक्कम कमी पडली तर क्लेमही त्याच प्रमाणात कापायचे, ह्या पॉलिसीत ती कपात नाही. शिवाय कंपनीच्या बाजूने बघा, 60 लाखांची जोखीम नदीकाठी घेणं वेगळं आणि 25 लाखांची घेणं वेगळं. मला वाटतं अर्ज मान्य व्हायला ह्या आकड्याचा चांगलाच हात होता.

ब्रांचचा अधिकारी 29 मेला घर बघायला आला, पावसातच. त्याआधी आम्ही काय केलं होतं तर फणसाच्या छपरावर येणाऱ्या फांद्या छाटून घेतल्या, विजेचा बोर्ड आणि खालची पॉइंटं जमिनीपासून चार फुटांवर नेली, करंट लिक झाला तर बंद पडणारा स्विच बसवला, परसातली गटारं साफ केली, उरलेले वाळवीचे वासे बदलले. सगळं मिळून 38 हजार गेले, मुलाने पाठवले. अधिकाऱ्याने बोर्डाची उंची टेपने मोजली, फ्रिज चिऱ्याच्या चौथऱ्यावर चढवलेला बघितला, 2021 ची पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसते तीही मावशीने स्वतःहून दाखवली. मला वाटलं ही आता नको तिथे बोलली, पण त्याने रेघेची उंची लिहून घेतली आणि म्हणाला, असं दाखवणारे कमी भेटतात हो मावशी.

त्याने अजून एक विचारलं, घर बंद किती दिवस असतं? मावशी-काका दरवर्षी जानेवारीत मुलाकडे जातात, दीड-दोन महिने. जुन्या प्रमाणित आगीच्या पॉलिसीत 30 दिवसांपेक्षा जास्त घर रिकामं राहिलं आणि कंपनीला कळवलं नाही तर संरक्षणच थांबायचं, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. आम्ही तेही लिहून दिलं, शेजारी किल्ली असते आणि रोज दिवा लावायला कुणीतरी येतं हेही. गोव्यात किती घरं वर्षाचे अकरा महिने बंद असतात, मालक मुंबईला नाहीतर परदेशात, फक्त चवथीला उघडतात, त्यांनी तर हा प्रश्न कंपनीने विचारायच्या आधीच लेखी सांगावा.

मालकीचा कागद

घरपट्टी अजून काकांच्या वडिलांच्या नावावर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, काकांना दोन बहिणी, आणि गोव्यात वारसा वाटणीसाठी इन्व्हेंटरी प्रोसिडिंग करावं लागतं, ते इथे कुणी सुरू करायचं हा बारा वर्षांचा प्रश्न. विम्यासाठी सगळी वाटणी झालेलीच पाहिजे असं नाही, त्या घराचं नुकसान झालं तर तुमचं नुकसान होतं एवढं दाखवावं लागतं. ब्रांचने काकांचं प्रतिज्ञापत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि दोन्ही आत्यांची ना-हरकत घेतली. फोंड्याच्या आत्यांनी त्याच दिवशी सही केली, दुसऱ्या आत्यांना वाटलं सहीच्या नावाखाली घर जातंय, त्यांना समजवायला मावशी स्वतः गेली. भाड्याने राहणाऱ्यांना एवढं काही लागत नाही, ते फक्त सामानाचा विमा घेऊ शकतात.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 ला तक्रार करता येते, कंपनीने एका महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. क्लेम अडला असता तर मी पहिल्या दिवशी तोच रस्ता धरला असता. पण रिन्यूअल दे म्हणून लोकपाल कंपनीला लावेल ही आशा ठेवून पावसाळा काढू नये. आम्ही पोर्टलवर गेलो नाही, तक्रार अधिकाऱ्याला सीसी ठेवल्याने लेखी उत्तर लवकर आलं एवढंच.

आणि कुठेच विमा मिळाला नसता तर? तलाठ्याचा पंचनामा आणि मामलेदाराकडून मदत, पण ती किती ते माहीत असू दे. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार. मावशीचं घर पुन्हा बांधायला 25 लाख. म्हणून आमचा दुसरा बेत असा होता की निदान सामानाचा विमा तरी घ्यायचा आणि मुलाने दर महिन्याला थोडे पैसे घराच्या नावाने वेगळे ठेवायचे.

ती वेळ आली नाही. 2 जूनला ब्रांचचा फोन आला, मंजूर. ही पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते, मोठ्या मुदतीत रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, आणि मुख्य म्हणजे तेवढी वर्षं रिन्यूअलची टांगती तलवार नाही. आम्ही दहा मागितली, क्लेम बघून त्यांनी तीन दिली. प्रीमियम थोडा चढवून तीन वर्षांचा 8,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,458, एकूण 9,558. काका म्हणाले सोमवार आहे, उद्या भरतो. मी म्हटलं आत्ता, कारण विमा कायद्याच्या 64 व्हीबी कलमाप्रमाणे प्रीमियम पोचल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरूच होत नाही, फोनवरच्या "मंजूर"ला काही अर्थ नाही. त्यांनी माझ्यासमोर यूपीआयने भरले.

पॉलिसीचा कागद 3 जूनला ईमेलवर आला. जुनी 4 जूनच्या मध्यरात्री संपते, नवी 5 जूनला 00:00 ला सुरू, मधे एक मिनिटही मोकळं नाही. मी मावशीला फोनवर एकेक रकाना वाचून दाखवला, पत्ता, कार्पेट एरिया, वापर फक्त राहण्यासाठी, भिंती चिऱ्याच्या. छपराच्या रकान्याशी आलो तेव्हा ती म्हणाली थांब, ते परत वाच. "मंगळुरी कौलं, पक्कं बांधकाम." तिने तो कागद प्रिंट करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलाय, 2021 च्या रेघेपेक्षा बराच उंच.